घरातली फियाट : आठवण, परवाना आणि प्रतीक्षा

साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात वाढलेल्या पिढीच्या आठवणींत एक मोटार हमखास डोकावते. पुढे सलग बैठक, गिअरचा दांडा थेट स्टिअरिंगखाली, आणि त्यामुळे मोकळ्या राहिलेल्या मधल्या जागेत आई-वडिलांच्या मध्ये बसलेले धाकटे मूल. खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापले की रेडिएटरमध्ये पाणी ओतण्यासाठी सक्तीचा थांबा. ही मोटार म्हणजे कुर्ल्याची फियाट. ती 'घरातल्या माणसासारखी' का वाटे, याचे उत्तर भावनेपेक्षा त्या काळच्या सरकारी धोरणात अधिक सापडते. धागा थोडा मोठा आहे.

मूळ कल्पना फियाटपेक्षा जुनी. भारतात मोटारनिर्मितीचा कारखाना काढण्याची योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिसाव्या दशकात मांडली होती. ती तडीस नेण्याचा ध्यास घेतला सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी. जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींच्या मागे लागलेला हा उद्योजक. प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ची, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ मध्ये. पण त्या होत्या क्रायस्लर कंपनीच्या मोठ्या अमेरिकी गाड्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंद निवर्तले, आणि ज्या गाडीने त्यांचा कारखाना घरोघरी पोहोचला ती 'फियाट ११००' त्यानंतर, १९५४ पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली.

तिचे इंजिन १०८९ सीसीचे. पन्नाशीच्या दशकातल्या गोलसर मॉडेलला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. त्यात तुच्छता नव्हती. कौतुकाच्या वस्तूला टोपणनाव देण्याची ही या शहराची जुनी खोड. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले होते. आजोबांच्या अल्बममधले छायाचित्र किती जुने, याचा अंदाज बांधायचा असेल तर आधी तो दरवाजा पाहावा.

आता मुख्य प्रश्नाकडे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार सरकारने ठरवले की, ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने सुटे भाग देशातच बनवण्यास तयार असतील त्यांनीच भारतात राहावे. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. त्यानंतर सामान्य ग्राहकापुढे उरल्या मुख्यतः तीनच वाटा : कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. किती गाड्या काढायच्या यावर परवान्याची मर्यादा होती. १९५९च्या नियंत्रण आदेशाने विक्री आणि वितरणावरही बंधने आली, आणि १९६९ मध्ये किंमतही सरकारने कायद्याने ठरवून दिली. कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या.

परिणाम उघड होता. किंमत नियंत्रित, उत्पादन अपुरे, म्हणून रांग. पैसे हातात असूनही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नवी गाडी दारात येईपर्यंत घरातले मूल शाळेच्या दोन-तीन इयत्ता पुढे गेलेले असायचे. अशी मिळालेली वस्तू कोणी चार वर्षांत बदलत नाही. तिची डागडुजी होते, तिला नवा रंग चढतो, आणि ती पंधरा-वीस वर्षे राहते. बालपणही साधारण तेवढेच असते.

या काळातली सर्वांत बोलकी फियाट दिल्लीची आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा कुटुंबाची स्वतःची मोटार नव्हती. पुत्र अनिल शास्त्री यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार मुले टांग्याने शाळेत जात. सरकारी गाडी खासगी कामासाठी नेहमी वापरण्यास वडिलांची मनाई होती. घरातून मोटारीचा आग्रह सुरू झाला. चौकशीअंती किंमत कळली १२,००० रुपये. बँकेत शिल्लक ७,०००. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडे रीतसर कर्ज मागितले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले तेव्हा ते फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले.

हा प्रसंग बहुधा साधेपणाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातला आकडाही वाचावा. देशाच्या पंतप्रधानाला जी वस्तू कर्जाविना परवडत नव्हती, ती 'मध्यमवर्गीय' कशी म्हणायची? फियाटच्या आठवणी सांगणारा वर्ग स्वतःला सामान्य समजत असला, तरी तो फार लहान आणि सुस्थित होता. त्याच रस्त्यावर बसच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांनाही ती गाडी आठवते, पण बाहेरून. तिला घडवणाऱ्या कुर्ल्याच्या कामगारांच्या घरीही एक वेगळी फियाट असणार : पगाराची, पाळीची, संपाची. त्या आठवणी क्वचितच लिहिल्या गेल्या.

सत्तरच्या दशकात करारानुसार फियाटचे नाव गेले. गाडी आधी 'प्रेसिडेंट' झाली, १९७४ मध्ये 'पद्मिनी'. लोकांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पुष्कळ घरांत ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मक्तेदारी ढासळू लागली. पद्मिनीचे उत्पादन २०००च्या सुमारास थांबले. घरातून ती गेली, तरी मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने टिकून होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे धावत नाही.