छावणींतील ताई : अमेरिकेंतील मुलींच्या उन्हाळी छावण्यांचा थोडा इतिहास

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत अमेरिकेंतील मुलींच्या छावण्यांविषयीं लेख कां, असें कित्येक वाचकांच्या मनांत येईल. कारण असें कीं, आपल्यांतीलच एका बाईंची कन्या तिकडे विद्याभ्यासास गेली असून, उन्हाळ्याच्या सुट्टींत अशा एका छावणींत कौन्सिलरचें काम पत्करण्याचा तिचा विचार आहे. "फादर, पगार थोडा, आणि परक्यांच्या पोरी रात्रंदिवस सांभाळायच्या, हें कसलें काम?" असें त्या बाईंनीं आम्हांस विचारलें. आम्हीं त्या वेळीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें येथें पुरें करितों.

या प्रथेचा उगम मुलग्यांच्या शाळेंत झाला. कनेक्टिकट प्रांतांतील फ्रेडरिक गन या शिक्षकानें 1861 सालीं आपल्या विद्यार्थ्यांस समुद्रकांठीं राहुट्यांत नेलें. मुलींची पाळी येण्यास चांगलीं तीस-चाळीस वर्षें लागलीं. लॉरा मॅटून या शिक्षिकेनें 1902 सालीं न्यू हॅम्पशायर प्रांतांत 'केहोंका' ही छावणी काढिली. थोड्याच वर्षांत डॉ. ल्यूथर गुलिक व त्यांच्या पत्नी शार्लट यांनीं मेन प्रांतांत सेबागो सरोवराच्या कांठीं 'वोहेलो' छावणी उभी केली. हें नांव तेथील मूळच्या रहिवाशांच्या भाषेंतलें वाटतें खरें. पण काम, आरोग्य व प्रेम या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून तें बनविलेलें आहे. 1912 सालीं ज्यूलिएट लो या बाईंनीं जॉर्जियांतील सव्हाना शहरीं गर्ल गाईड्सचें पथक काढिलें. तेंच पुढें गर्ल स्काउट्स या नांवानें देशभर पसरलें.

घोळदार झग्याऐवजीं सैलसर चोळणे घालून मुलगी होडी वल्हवूं लागली, पोहूं लागली, स्वतः विस्तव पेटवूं लागली, हें त्या काळीं लहानसहान नव्हतें. मात्र कृष्णवर्णी मुलींना यांतील बहुतेक छावण्यांचीं दारें कित्येक वर्षें बंद होतीं, हेंही सांगितलें पाहिजे.

चालक बाई कितीही दक्ष असली तरी रात्रीं प्रत्येक केबिनींत ती कशी असणार? म्हणून कौन्सिलर आली. ती बहुधा कॉलेजांतील विद्यार्थिनी, वय अठरा-वीस. मुलींच्या खाटांशेजारीं तिची खाट. सकाळीं त्यांना उठवावें, वेण्या घालाव्यात, ताटांत काय उरलें तें पाहावें, घरीं पत्र लिहवून घ्यावें, आणि पहिल्या दोन-तीन रात्रीं आईच्या आठवणीनें जी पांघरुणांत तोंड खुपसून रडते तिच्यापाशीं बसावें. त्या वेळीं तिला फार समजावूं नये, दुसऱ्या दिवशींच्या एखाद्या कामांत गुंतवावें, असें अनुभवी ताया म्हणतात. आम्ही सेमिनरींत नवे होतों तेव्हां आमच्या पांघरुणांतही हाच प्रकार होता, आणि आमच्यापाशीं कोणी बसलें नव्हतें!

पोहण्याची शिस्त तर विशेष कडक. प्रत्येकीस एक जोडीदारीण नेमलेली असते. शिटी वाजतांच जोड्यांनीं हात धरून वर करावयाचे आणि सर्वांनीं निमूट मोजणी होऊं द्यावयाची. एक जरी कमी भरली तरी सर्व पाणी रिकामें होतें. निवासी छावणींत सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलींमागें एक, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलींमागें एक कर्मचारी असावा, असें अमेरिकन कँप असोसिएशनचें प्रमाण आहे.

परंतु मोजणी हें काम दिवसाचें. रात्रीचें काय? 4 जुलै 2025 रोजीं पहाटेपूर्वीं टेक्सस प्रांतांत ग्वादालुपे नदीला लोंढा आला. पाऊण तासांत पाणी सुमारें 26 फूट चढलें. नदीकांठीं 1926 पासून चालत आलेल्या कँप मिस्टिक या मुलींच्या छावणींतील 25 मुली व 2 कौन्सिलर त्यांत गेल्या; छावणीचे चालकही गेले. कचेरीकडून निरोप येईपर्यंत केबिनींतच राहावें, अशी तेथें लेखी सूचना होती, हें मागाहून उघड झालें. तरीही अंधारांत कांहीं तायांनीं लहानग्यांना खिडक्यांतून बाहेर काढून टेकडीवर चढविलें, आणि त्या पोरी वांचल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत टेक्सस सरकारनें कायदा करून पुराच्या पट्ट्यांत केबिनी ठेवण्यास मनाई केली, आणि संकटकाळची योजना व कर्मचाऱ्यांचें शिक्षण सक्तीचें केलें.

कायदा योग्यच झाला. परंतु आमच्या मतें मुख्य गोष्ट त्याच्या अलीकडची आहे. अठरा वर्षांच्या मुलीच्या हवालीं आपण आठ लेंकरें करितों. मग त्यांना उठवून बाहेर काढण्याचा अधिकार तिच्या हवालीं केला आहे कीं नाहीं? जबाबदारी तिची आणि हुकूम कचेरीचा, ही वांटणी दिवसां चालून जाते.

म्हणून त्या बाईंना आम्हीं काम नाकारण्यास सांगितलें नाहीं. त्यांच्या कन्येनें छावणीच्या चालकांना दोन प्रश्न लेखी विचारावे, एवढेंच सुचविलें: केबिनीपासून पाणी किती दूर व किती खालीं आहे, आणि मध्यरात्रीं कोणास न विचारतां मुलींना बाहेर काढण्याची तिला मोकळीक आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर नकाशासह आलें. दुसऱ्याचें, हा मजकूर छापखान्याकडे जाईपर्यंत, आलेलें नाहीं.