घमेल्यापासून बूमपर्यंत : काँक्रीट वर चढवण्याचा इतिहास

गेल्या रमजान ईदला माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शिरखुर्मा झाल्यावर त्याने पिशवीतून एक जाड इंग्रजी पुस्तिका काढली. तो आता बूम प्लेसर चालवतो. बूम प्लेसर म्हणजे ट्रकवर बसवलेला, लांब घडीच्या हाताचा काँक्रीट पंप.

"सर, गाडी मला चालवता येते. पण ठेकेदार म्हणतो, इथेच लाव, आणि मी नाही म्हणतो. का नाही, ते मात्र मला सांगता येत नाही. या पुस्तकात लिहिलेलं असेल ना?"

ते होतंच. पण त्या 'का नाही'मागे बराच इतिहासही होता.

आपल्याकडे स्लॅब भरण्याचा दिवस म्हणजे घमेल्यांची साखळी. खाली मिक्सर, मधे बांबूची परांची, तिच्यावर उभी असलेली बाया-माणसं आणि हातोहात वर जाणारं घमेलं. त्या साखळीतल्या कामगारांच्या माना, कंबरा आणि कधीकधी जीवही त्या स्लॅबमध्ये गेले. हे ओझं यंत्राने उचलावं, असं वाटणं साहजिक होतं.

पंपाची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने दोन नळकांड्यांचा पाण्याचा पंप बनवला. पुढे दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जझारीने 1206 मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात दोन दट्ट्यांचा पंप वर्णन करून ठेवला. एक दट्ट्या पाणी ओढतो, तेव्हा दुसरा ते ढकलतो. आजचा काँक्रीट पंप थेट त्यांचा वारस आहे, असं मी म्हणणार नाही. पण त्याची दोन नळकांडी याच तत्त्वावर आळीपाळीने चालतात.

काँक्रीट मात्र पाण्यासारखं वागत नाही. त्यात खडी असते, ते घासतं, अडकतं, थांबलं तर घट्ट होतं. म्हणून त्याला पाइपातून ढकलणं विसाव्या शतकापर्यंत कुणाला नीट जमलं नव्हतं. 1927 मध्ये जर्मनीत माक्स गिझे आणि फ्रिट्झ हेल यांनी ते करून दाखवलं. 1950च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे दोन नळकांड्यांचे पंप आले आणि काँक्रीटचा प्रवाह बराच सलग झाला. त्यानंतरच्या दशकात पंप ट्रकवर चढला आणि त्याला घडीचा हात, म्हणजे बूम, मिळाला. आता अशी यंत्रं आपल्या शेजारी गोव्यात वेर्ण्याला आणि पुण्याजवळ चाकणलाही कारखाने थाटून बसली आहेत.

या हाताचं सामर्थ्य जगाने एका वेगळ्याच प्रसंगी पाहिलं. मार्च 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात चौथ्या अणुभट्टीच्या टाकीत वापरलेलं इंधन थंड ठेवायला पाणी हवं होतं आणि माणूस जवळ जाऊ शकत नव्हता. तेव्हा 58 मीटर बूमचा काँक्रीट पंप आणून त्यातून पाणी सोडलं गेलं. माणसाला दूर ठेवून काम पोचवणं हीच बूमची खूबी. पण बांधकामावर नेमकं उलटं होतं. तिथे हाताच्या टोकाशी, होस धरून, माणूसच उभा असतो.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. बूमचा पाइप साधारण 125 मिलिमीटर व्यासाचा. तो भरला की मीटरमागे सुमारे 29 किलो काँक्रीट होतं. 36 मीटरचा बूम आडवा पसरला, तर एक टनाहून अधिक काँक्रीट हवेत लोंबतं, बूमच्या लोखंडाचं वजन वेगळंच. बूम ज्या बाजूला वळतो, त्या बाजूच्या पायांवर, म्हणजे आउटरिगरवर, बहुतेक भार जातो. त्या पायाखाली भरावाची भुसभुशीत माती, जुनी गटार किंवा खणलेल्या खड्ड्याची कड असेल, तर जमीन आधी खचते आणि मग ट्रक कलंडतो. म्हणून चारही पाय पूर्ण बाहेर काढायचे, खाली जाड लाकडी स्लीपर द्यायचे, खड्ड्यापासून लांब राहायचं आणि पाय टेकल्यावरच बूम उघडायचा. मिटताना याच्या उलट: आधी बूम, मग पाय. "इथेच लाव" याला "नाही" म्हणण्याचं कारण हे.

दुसरा धोका डोक्यावरच्या विजेच्या तारांचा. उच्च दाबाच्या तारेला बूमचा स्पर्श व्हावाच लागतो असं नाही. अंतर कमी झालं तरी वीज उडी मारते आणि ओला होस धरलेल्या माणसातून जमिनीत जाते. तारेचा दाब माहीत नसेल तर किमान 6 मीटर अंतर राखावं, शक्य असेल तर वीज बंद करून घ्यावी.

तिसरा धोका होसचा. हॉपरमधलं काँक्रीट कमी झालं की पंप हवा ओढतो. पाइपात अडकलेली ती हवा बाहेर पडते तेव्हा होस चाबकासारखा फिरतो. पंप सुरू करताना किंवा अडकलेलं काँक्रीट सुटताना होसजवळ कुणी थांबायचं नाही. होसच्या टोकाला लोखंडी तुकडा जोडायचा नाही. आणि पाइप उघडण्यापूर्वी पंप उलटा फिरवून दाब काढायचाच.

हे नियम कुणा शहाण्याने खुर्चीत बसून लिहिलेले नाहीत. बहुतेक नियमांमागे कुठेतरी कोसळलेला ट्रक किंवा जखमी झालेला माणूस आहे. आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी 1996मध्ये कायदा झाला. पण कायदा असला तरी होस धरणाऱ्याला त्याच्या भाषेत कुणीतरी समजावून सांगावं लागतं. साइटवर ऑपरेटर मराठी बोलतो, होसवाला बंगाली, मदतनीस तेलुगू आणि पुस्तिका इंग्रजी. भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे खटकतं. शाळेत मूल चुकलं तर लाल शाई लागते. तिथे न समजलेल्या एका वाक्याची किंमत माणूस मोजतो.

दोन रात्री बसून आम्ही त्या पुस्तिकेतली महत्त्वाची तीन पानं मराठीत उतरवली, शेजारी चित्रं काढली. त्याने ती केबिनमध्ये चिकटवली. परवा त्याचा फोन आला. ठेकेदाराने पुन्हा गाडी खड्ड्याच्या कडेला लावायला सांगितली होती. त्याने पान दाखवलं आणि गाडी मागे घेतली. आता त्याला तीच पानं हिंदीत आणि बंगालीत हवी आहेत. हिंदीचं मी बघतो आहे. बंगाली येणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा.