भिंतीवरचा बोजा

मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली कामावर रुजू झाला आणि सढळ हाताने खर्च करू लागला. रस्ते झाले, गटारे झाली, १८६९ मध्ये त्याच्याच नावाचे ते देखणे मार्केट उभे राहिले. शहर उजळले आणि तिजोरीत खडखडाट झाला. भुर्दंड अर्थातच घरमालकांवर पडला. १८७१ मध्ये करदात्यांचा संताप अनावर झाला आणि साहेबाला खुर्ची सोडावी लागली. त्या भांडणातून निघालेली गोष्ट मात्र मार्केटाइतकीच टिकाऊ ठरली. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांच्या कॉर्पोरेशनात निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. पट्टी भरेल त्याला मत, ही रीत पुढे हळूहळू सैल होत गेली. पण प्रौढ मतदानाने पालिकेची निवडणूक व्हायला १९४८ उजाडले.

क्रॉफर्डची गोष्ट इथेच संपत नाही. पुढे पुण्याकडे कमिशनर असताना १८८८ मध्ये तो लाचखोरीच्या चौकशीत सापडला. लाचेचा आरोप शाबीत झाला नाही, पण लोकांकडून उसने पैसे घेतल्याबद्दल नोकरी गेलीच. मुंबईकरांना पट्टी भरायला लावणारा माणूस शेवटी उधारीत बुडाला.

नेमका त्याच साली मुंबई महापालिकेचा कायदा झाला. असंख्य दुरुस्त्या पचवून तो अजून चालू आहे. त्यात कर ठरवण्याची युक्ती मोठी मजेशीर होती. हे घर वर्षाच्या बोलीने भाड्याने दिले, तर वाजवी भाडे किती येईल? त्यातून डागडुजीपोटी १० टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. मालक स्वतःच तिथे राहत असला तरी कायद्याच्या नजरेसमोर एक काल्पनिक बिऱ्हाडकरू कायम उभा असायचा.

याच कायद्याचे २१२ वे कलम जास्त करडे आहे. थकलेला कर हा त्या वास्तूवरचा पहिला बोजा मानला जातो. त्याच्यापुढे फक्त सरकारचा जमीन महसूल. गहाण ठेवून घेणारा सावकार रांगेत मागे. माणूस दिवाळे काढेल, परागंदा होईल, मरेल. भिंत जागची हलत नाही, म्हणून बोजा भिंतीवर.

पण ही भिंत दुसऱ्याने विकत घेतली तर? मुंबई राज्याने इतर शहरांसाठी १९४९ मध्ये जो महापालिका कायदा केला, त्यातही असाच बोजा होता. त्यावरून अहमदाबादचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दिवाळे निघालेल्या मालकाची मिळकत एकाने कोर्टाच्या लिलावात घेतली. मागची थकबाकी त्याला ठाऊक नव्हती. महापालिकेने ती मिळकतच जप्त केली. १९७१ मध्ये निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. मिळकत कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरांच्या ताब्यात होती, त्यांनी कर भरला असेल असे कोणालाही वाटले असते. आणि ज्याला बोजा माहीतच नाही, त्याच्या डोक्यावर तो लादायचा तर कायद्यात तसे स्पष्ट लिहिलेले हवे. घराचा सौदा ठरताना कराची शेवटची पावती मागणारा वकील उगाच कटकट करत नसतो.

कराचा आकडाच मान्य नसेल, तर मुंबईकराला धोबीतलावाजवळच्या लघुवाद न्यायालयाची पायरी चढावी लागते. अट एकच, पण जिव्हारी लागणारी: आधी पैसे भरा, मग भांडा. वादातली रक्कम जमा केल्याशिवाय अपील ऐकलेच जात नाही. अहमदाबादच्या गिरण्यांनी अशाच अटीला आव्हान दिले होते. अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा त्याला अट घालण्याची मुभाही कायद्याला आहे, असे १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तर्क बिनतोड खरा, पण खिसा रिकामा असलेल्याला त्याचा काय उपयोग?

काल्पनिक बिऱ्हाडकरूला धक्का दिला तो खऱ्या भाडेकरूने. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली होती. दिल्लीच्या एका खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, कायद्याने जेवढे भाडे घेता येते, त्याहून अधिक भाडे गृहीत धरून कर लावता येणार नाही. त्यामुळे गिरगावातल्या मोक्याच्या जागेवरच्या जुन्या इमारतीचा कर किरकोळच राहिला आणि दूर उपनगरातल्या नव्या सोसायटीला जबर बिल येऊ लागले.

१ एप्रिल २०१० पासून मुंबईने भाडे सोडून भांडवली मूल्य धरले. सरकारी दरपत्रकातला, म्हणजे रेडी रेकनरचा दर आला, आणि त्याच्या मागोमाग एक नवी कल्पनाही. मोकळ्या जागेवर पुढेमागे किती चटईक्षेत्र बांधता येईल, तेही हिशेबात घेण्याचे नियम झाले. बिऱ्हाडकरूची जागा आता काल्पनिक टॉवरने घेतली. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे नियम रद्द केले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले: कर आज आहे त्या मिळकतीवर, उद्याच्या इमारतीवर नाही. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला होता.