‘यवन’ आणि ‘सप्रेम भेट’: कार्ल्याच्या खांबावरचं एक वाक्य

लोणावळ्याजवळ कार्ल्याला एकवीरा देवीच्या दर्शनाला गेलात तर देवळामागच्या चैत्यगृहातले खांब नीट बघा. साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातले हे खांब. त्यांतल्या काहींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दात्यांची नावं कोरलेली आहेत. एका खांबावर असं आहे: ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’. म्हणजे, धेनुकाकट इथल्या यवन सिहधय याचं, खांबाचं दान.

वाक्यात क्रियापदच नाही. पण मराठी वाचकाला ते अडत नाही, कारण देवळातल्या पंख्यावर किंवा शाळेतल्या घड्याळावर आपण आजही हेच वाचतो: ‘अमुक यांजकडून सप्रेम भेट’. गाव, नाव, वस्तू, देणं, साचा तोच. वाक्याचा साचा कळायला ही तुलना छान उपयोगी पडते. मात्र शब्दांचे अर्थ एकेक करून तपासावे लागतात.

‘थंभो’ घ्या. तो संस्कृत ‘स्तंभ’वरून आला. आपला ‘खांब’ मात्र ‘स्कंभ’वरून. म्हणजे शब्द वेगळे, मूळ वेगळं, तरी अर्थ एकच. इथे भाषांतर बिनधोक आहे.

‘यवन’चं नेमकं उलट आहे. शब्द जसाच्या तसा मराठीत आहे, आणि धोका तिथेच आहे. बखरींमध्ये ‘यवन’ म्हणजे मुसलमान. पण इस्लामचा उदय सातव्या शतकातला, म्हणजे कार्ल्याच्या या लेखानंतर काहीशे वर्षांनी. मग ‘ग्रीक’ लिहायचं का? शब्दाचं मूळ आयोनियात आहे खरं, आणि अशोकाच्या शिलालेखांत अंतियोक राजाला ‘योन’ म्हटलंय, तोही ग्रीकच. पण कार्ल्याच्या या दात्याचं नाव बघा: सिहधय, म्हणजे सिंहध्वज. नाव इथलं, भाषा प्राकृत, दान बौद्ध संघाच्या लेण्यात. तो ग्रीक वंशाचा होता की पश्चिमेकडून आलेल्या, इथे रुळलेल्या लोकांपैकी कुणी, हे एवढ्या पाच शब्दांवरून ठरत नाही. ‘ग्रीक’ लिहिलं की आपण भाषांतर करत नाही, निष्कर्ष काढून मोकळे होतो. म्हणून ‘यवन’ तसाच ठेवावा आणि त्याचा अर्थ काळासकट टीपेत द्यावा.

‘दानं’ या दोन्हींच्या मधला. शब्द ओळखीचा, अर्थही जवळचा, पण छटा बदललेली. आज ‘दानधर्म’ म्हटलं की गरजूला दिलेलं डोळ्यांसमोर येतं. इंग्रजी ‘गिफ्ट’चं परत मराठी केलं तर ‘भेट’ होते, म्हणजे वाढदिवसाला देतो तशी. कार्ल्याचं दान संघासाठी आहे, त्यातून पुण्य मिळतं अशी देणाऱ्याची श्रद्धा आहे. ‘सप्रेम भेट’ची तुलना इथे संपते.

संशोधनाची तयारी करताना आपण बहुतेकदा इंग्रजी भाषांतरावरून मराठी टिपणं काढतो. त्याऐवजी वहीत चार रकाने करा: मूळ शब्द, त्याचा त्या काळातला वापर, इंग्रजी प्रतिशब्द, आजचा मराठी शब्द. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र न तपासता पुढे जातो, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा राहतो.