सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

मुंबईचे वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली, संपूर्णपणे इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर वाजवलेली दीर्घमुद्रिका. प्रकाशक ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया (एचएमव्ही). तीत दहा हिंदुस्थानी राग आहेत, प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचा. तबला नाही, तंबोरा नाही. खाली अखंड डिस्कोचा ठेका आणि वर सिंथेसायझरवर रागाचे चलन. प्रकाशनाच्या वेळी ही तबकडी फारशी कुणी विकत घेतली नाही. आज मात्र इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या इतिहासात तिचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले मुरलेले वादक. १९६० च्या दशकापासून त्यांनी शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे गिटार, बेस गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजवली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या ‘दम मारो दम’ या गाण्यातला घुमत राहणारा सूर त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे अकॉर्डियनसारखे दिसणारे, विजेवर चालणारे वाद्य. लग्नसमारंभांत वाजवणारा त्यांचा स्वतःचा वाद्यवृंदही होता आणि चित्रपटगीतांच्या चालींच्या त्यांच्या तबकड्या एचएमव्हीने काढल्या होत्या. त्या काळच्या मुंबईत अशा वादकांची एक मोठी फळी होती. गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस, पारशी घराण्यातले केरसी लॉर्ड, पुढे मराठीत अनिल-अरुण या जोडीने संगीतकार म्हणून नाव कमावलेले अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल, हे सारे त्याच जगातले. गाणे संगीतकाराच्या आणि गायकाच्या नावावर लागे. वादकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच येत. इथे मात्र अशा वादकाने स्वतःच्या कल्पनेवर आख्खी तबकडी उभी केली आहे.

तो काळ डिस्कोचा होता. ‘कुर्बानी’ (१९८०) मध्ये बिद्दूंच्या चालीवर नाझिया हसन यांनी गायलेले ‘आप जैसा कोई’ गाजले, १९८१ मध्ये ‘डिस्को दीवाने’ ही तबकडी आली आणि १९८२ मध्ये बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेला ‘डिस्को डान्सर’. वाद्यवृंदात रोज डिस्को वाजवणाऱ्या सिंग यांना वाटले की हाच ठेका घेऊन वेगळे काही करावे : तबला बाजूला ठेवून रागच त्यावर वाजवावेत.

त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली. ज्युपिटर-८ हा आठ स्वर एकाच वेळी वाजवू शकणारा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. यांतले टीबी-३०३ नुकतेच बाजारात आले होते. सोबतीला बेसवादक नसलेल्या गिटारवादकाला सरावासाठी उपयोगी पडावे म्हणून ते बनवले गेले. पण त्याचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता आणि त्यात स्वर भरण्याची पद्धत किचकट होती. त्यामुळे ते खपले नाही आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. निरनिराळी यंत्रे एकमेकांशी जोडणारी ‘मिडी’ ही सर्वमान्य पद्धत १९८३ मध्ये आली. सिंग यांनी त्याच्या आधीच, ताल चुकू न देता, ही तिन्ही यंत्रे एका लयीत बांधली. यंत्रांच्या जाणकारांना या तबकडीचे अप्रूप वाटते ते आधी यासाठी.

टीबी-३०३ मध्ये एका आवर्तनाला सोळा घरे असतात. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, त्यावर हवा तर आघात द्यायचा आणि हवे तर पुढच्या स्वराकडे घसरत जायची सूचना द्यायची. ही घसरण सराव करणाऱ्या गिटारवादकाला शोभेची वाटली असेल. रागसंगीत कानात असलेल्या माणसाला तिच्यात मींड ऐकू येते. सिंग यांच्या बेसच्या ओळी म्हणूनच पाश्चात्त्य स्वरमेळाच्या आधारासारख्या थांबून राहत नाहीत. त्या रागाच्या स्वरांतूनच फिरतात, वर-खाली सरकतात आणि दर आवर्तनाला परततात. सोळा घरे चार-चारांत वाटलेली पाहून त्रितालाची आठवण येणे स्वाभाविक आहे, पण फरक महत्त्वाचा आहे. डिस्कोच्या ठेक्यात ‘खाली’, म्हणजे वजन नसलेली जागा, नसते. प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा असल्यामुळे समेवर येण्याची ओढ निर्माण होत नाही आणि ऐकणारा रागाच्या स्वरांकडेच लक्ष देत राहतो.

तबकडीवरचा क्रम असा : भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. पहिल्या बाजूचा आरंभ पहाटेच्या रागांनी होतो. भैरवच्या सुरुवातीला यंत्रातून काढलेल्या आवाजात शिवाचा नाममंत्र येतो. बहुतेक रागांत ठेका सुरू होण्यापूर्वी आलापाची छोटी जागा ठेवली आहे. ठेका आला की विस्तार वेगाने होतो आणि उजव्या हाताच्या ताना ज्युपिटरवर स्पष्ट उमटतात. पाच स्वरांचे औडव राग या रचनेत सर्वांत खुलतात : भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी. कमी स्वर असल्यामुळे बेसची ओळ आणि वरचे चलन एकमेकांच्या पायात येत नाहीत. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना कलावती प्रभा अत्रे यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे घरचा झालेला आहे. तो गाण्याचा कलावती मनात ठेवून हा ऐकला, तर सिंग यांनी काय सोडले आणि काय जपले ते नेमके कळते. ठहराव गेला आहे. कोमल निषादाचा गोडवा राहिला आहे.

तोडीत मात्र मर्यादा उघड होते. तोडीचा गंधार कोमलाहूनही उतरलेला हवा, आणि समान अंतराच्या बारा स्वरांत बांधलेल्या कळफलकावर तो मिळत नाही. हा आक्षेप आपल्याकडे जुना आहे. याच कारणासाठी हार्मोनियमवर टीका झाली आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत ती वर्ज्य ठेवली. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्याच पेटीतून राग उभा केला, आणि गंधर्व नाटक मंडळीच्या पदांना ऑर्गनची साथ नसती तर ती आज ऐकतो तशी ऐकू आलीच नसती. परक्या कळफलकातून आपला राग काढण्याची ही परंपरा आहे, आणि सिंग यांची तबकडी तिच्यातच ठेवून ऐकायला हवी.

पाश्चात्त्य जगात तिची ओळख वेगळ्या वाटेने झाली. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर या गटाने टीबी-३०३ चा आवाज पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली आणि ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार सुरू झाला. एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात सिंग यांची तबकडी सापडली. २०१० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या संस्थेतर्फे तिचे पुनर्प्रकाशन केले. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हाच आवाज, हे अनेकांना पटेना. ही कुणा आधुनिक युरोपीय संगीतकाराने रचलेली थाप असावी, असा संशयही व्यक्त झाला. तबकडी खरी आहे. पण तिला ‘पहिले ॲसिड हाउस’ म्हणणे योग्य नाही : शिकागोच्या मुलांनी ती ऐकलेली नव्हती, आणि सिंग यांच्यापुढे नाचघर नव्हते, राग होते. एकाच यंत्रातून दोन शहरांनी स्वतंत्रपणे काढलेले हे दोन अर्थ आहेत.

सिंग यांच्या प्रयोगाकडे तेव्हा दुर्लक्ष का झाले, ते तुलनेने कळते. नावाजलेल्या रॉक बँडांनी गिटार बाजूला सारून यंत्रांकडे वळण्याची उदाहरणे यानंतरची आहेत : यू-टूची ‘झूरोपा’ (१९९३), रेडिओहेडची ‘किड ए’ (२०००), आणि मुंबईत २००० नंतर पेंटाग्रामचे संगीत. त्या बँडांना त्यांचा श्रोता ओळखत होता, त्यामुळे प्रयोगाची चर्चा लगेच झाली. सिंग यांचे नावच श्रोत्यांना ठाऊक नव्हते.

पुनर्प्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांना युरोपातून निमंत्रणे आली आणि त्यांनी हेच राग तिथल्या तरुण श्रोत्यांपुढे प्रत्यक्ष वाजवले. पत्नी सुपर्णा यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, ५ जुलै २०१५ रोजी, त्यांचे मुंबईत निधन झाले.