मास्तर, क्रमिक पुस्तक आणि अवांतर वाचन

मराठी मुलखातील प्राथमिक शाळेत वाचन हा विषय आज जितका मध्यवर्ती मानला जातो तितका तो आरंभी नव्हता, आणि मुलांना वाचनाची गोडी लावणे हे तर शिक्षकाच्या कामात कोणी धरलेलेच नव्हते. ब्रिटिश अंमलापूर्वीच्या आणि त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिलेल्या पंतोजीच्या शाळेत, म्हणजे एखाद्या सुस्थित घराच्या ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या खासगी शाळेत, मूल आधी लिहायला शिके आणि त्या लिहिण्याच्या ओघातच वाचू लागे. फळीवर बारीक धूळ पसरून केलेल्या धूळपाटीवर काडीने अक्षरे गिरवायची, हात वळल्यावर बोरू आणि शाई घ्यायची, पंतोजीने घालून दिलेला कित्ता, म्हणजे वळणदार अक्षराचा नमुना, पुन्हा पुन्हा उतरवायचा आणि दिवस कलताना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांसह परवचा, म्हणजे तोंडपाठ उजळणी, एका सुरात म्हणायची, असा हा क्रम होता. त्यात छापील पुस्तकाला जागा नव्हती, कारण छापील पुस्तकच नव्हते.

या शाळेचा हेतू व्यवहारी होता. कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही आणि दुकानाचा हिशेब सांभाळू शकेल असा मुलगा तयार करायचा, म्हणून शीघ्रलेखनाला सोयीची मोडी लिपी प्रथम शिकवली जाई आणि वाचनाचा सराव जुनी पत्रे, खते, हिशेबाचे कागद यांवर होई. रसाने ऐकण्याचे वाङ्मय गावात होते, पण ते शाळेबाहेर होते: श्रीधराचे ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ चातुर्मासात देवळात लागे, एकजण वाची आणि बाकीचे ऐकत, आणि हा ग्रंथ देवनागरीत, म्हणजे त्या काळच्या बोलीत बाळबोध लिपीत असे. शाळेची लिपी एक आणि कथेची लिपी दुसरी, अशी ही विभागणी पुढच्या शतकातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा करते. या ओसरीवर मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले जवळजवळ नव्हतीच, हेही विसरून चालणार नाही. त्या शाळांविषयी नंतर जे स्मरणरंजन झाले त्यात ही बाब फारशी येत नाही.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे 1819 ते 1827 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि त्यांच्या प्रोत्साहनाने 1820 नंतर देशी भाषांत शालेय पुस्तके तयार करण्यासाठी जी संस्था उभी राहिली ती पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेली. या संस्थेचे देशी चिटणीस सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी 1828 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, ‘बाळमित्र’ हे मुलांसाठीचे पुस्तकही केले आणि ‘वेताळपंचविशी’ लिहिली. ही पुस्तके शाळेसाठी असली तरी त्यांत कोल्हा, सिंह, वेताळ आणि चतुर मुले होती, म्हणजे मूल पुढचे पान स्वतःहून उलटेल अशी सामग्री होती. मराठी बालवाङ्मयाचा आरंभ शालेय पुस्तकातून झाला हे त्याचे भाग्य म्हणावे लागेल, आणि दीर्घकाळ ते शालेय पुस्तकाच्याच सावलीत राहिले हे दुर्भाग्य. नव्या शाळांत बाळबोध छापील पुस्तक हाती आल्यामुळे लिहिण्याआधी वाचणे हा क्रम हळूहळू रूढ झाला, मात्र मोडीही वरच्या इयत्तांत पुढे कितीतरी वर्षे शिकवली जात राहिली, आणि तिच्यामुळे घरातील जुने कागद वाचू शकणारा मुलगा गावात शहाणा ठरे.

पुस्तक आले, पण ते शिकवणारा माणूस कोठून आणायचा हा प्रश्न उरला. पंतोजीला नवे पुस्तक देऊन भागण्यासारखे नव्हते, कारण छापील मजकुराचा अर्थ सांगून मुलांकडून तो वाचवून घेणे हे कौशल्य त्याने कधी शिकलेलेच नव्हते. त्यामुळे 1845 मध्ये मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या देखरेखीखाली नॉर्मल क्लास, म्हणजे शिक्षक तयार करणारा वर्ग, सुरू झाला, आणि पुढे पुण्यात ट्रेनिंग कॉलेज निघाले. 1861 मध्ये सुरू झालेले ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक याच शिक्षकवर्गासाठी होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांच्या हातून ते चालले आणि 1875 मध्ये बंद पडले. खेड्यातील शाळामास्तराला पाठ्यपुस्तकाबाहेरचा मजकूर नियमाने मिळण्याचे ते एक दुर्मीळ साधन होते.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली तेव्हा शिक्षकाच्या कामाची व्याप्तीच बदलली, कारण ज्यांच्या घरी एकही लिखित कागद नव्हता अशी मुले प्रथमच वर्गात बसली. या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही 14 वर्षांची मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिते आणि जो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून येतो, तो त्या काळच्या वर्गातून बाहेर आलेल्या अगदी थोड्या विद्यार्थी-लेखनांपैकी एक आहे. धर्मग्रंथांवरील हक्काविषयी त्यात जे प्रश्न विचारले आहेत ते कोणत्याही क्रमिक पुस्तकातून आलेले नाहीत. बक्षीस म्हणून खाऊ नको, वाचायला पुस्तके द्या, असे तिने, पुढे क्रमिक पुस्तकांना आकार देणाऱ्या मेजर कँडीला, सांगितल्याची हकिकत परंपरेने सांगितली जाते. ती शब्दशः खरी धरली नाही तरी ती सांगावीशी वाटावी यातच त्या शाळेविषयीची लोकधारणा दिसते. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे 1882 मध्ये दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याबरोबर शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला चांगला पगार असावा आणि तो खालच्या समजल्या गेलेल्या वर्गांतूनही यावा, अशी मागणी केली. शेतकऱ्यांकडून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जो लोकल फंड वसूल होई त्याचा काही भाग शिक्षणासाठी असूनही त्याचा लाभ शेतकऱ्यांच्या मुलांना होत नव्हता, ही त्यांची तक्रार होती.

सरकारी शिक्षण खाते 1855 पासून उभे राहिले आणि खात्याबरोबर क्रमिक पुस्तक आले. क्रमिक पुस्तक म्हणजे इयत्तेनुसार चढत्या अवघडपणाने रचलेली, सर्व शाळांना सारखीच लागू असणारी पुस्तकमाला. मेजर टॉमस कँडी यांच्या हातून या मालिकेला आणि तिच्यातील शुद्धलेखनाला व विरामचिन्हांना बराचसा आकार मिळाला. एकसारखेपणाचा लाभ उघड होता, परंतु त्यातून वाचनाला परीक्षेचे रूप आले. तपासणीला येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्याला गावात ‘डिपोटी’ म्हणत, मुलाला उभे करून नेमलेला धडा मोठ्याने वाचायला लावी, आणि अनुदानित शाळांत अनुदान निकालावर अवलंबून असल्याने मास्तराचे सारे लक्ष त्या एका तासावर खिळे. परिणाम असा झाला की पुस्तक मिटल्यावरही तोच धडा तोच चढउतार ठेवून म्हणणारी मुले तयार झाली. शिवाय बहुतेक खेड्यांत शाळा एकशिक्षकी असे, म्हणजे चार इयत्ता आणि एक मास्तर. एका इयत्तेला गणित देऊन दुसरीला सामुदायिक वाचनाला लावल्याखेरीज दिवस पुढे सरकत नसे, त्यामुळे घोकून, एका सुरात, ओरडून वाचणे ही पद्धत शिक्षकाच्या आळसापेक्षा वेळापत्रकाची निर्मिती होती. पंतोजीवर केलेली टीका या मास्तरावर सरसकट चिकटवणे न्यायाचे नाही. फुल्यांनी 1869 मध्ये लिहिलेल्या ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ या पवाड्यातील रोष मात्र जातिभेदावर होता आणि तो वेळापत्रकाने समजावून सांगता येण्यासारखा नव्हता.

या चौकटीला एक दार राहून गेले होते, आणि ते टपालाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यातील शाखा टपाल कार्यालय अनेक ठिकाणी शाळामास्तराकडेच सोपवलेले असे, कारण वाचता येणारा आणि सरकारी मान्यतेचा माणूस गावात तोच. किरकोळ जादा मोबदल्यावर तो टपालथैली घेई, पत्रे वाटी, निरक्षरांना वाचून दाखवी आणि त्यांची उत्तरेही लिहून देई. त्याच थैलीतून ‘ज्ञानप्रकाश’, ‘दीनबंधु’ किंवा ‘केसरी’ यांचे अंक गावात येत. शाळेच्या ओट्यावर अंक मोठ्याने वाचला जाई तेव्हा मुलेही आसपास असत, आणि वाचन म्हणजे केवळ धडा म्हणणे नव्हे, त्यातून बातमी कळते, वाद होतो, लांबच्या गावची गोष्ट समजते, हा अनुभव त्यांना अभ्यासक्रमाने दिलेला नव्हता.

त्याच काळात शिक्षण खात्यातीलच एका माणसाने मुलांसाठी स्वतंत्र नियतकालिक काढले. गुहागरजवळच्या हेदवीचे विनायक कोंडदेव ओक हे खात्यात शिक्षक आणि नंतर अधिकारी होते. 1881 मध्ये त्यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि तीन दशकांहून अधिक काळ ते एकहाती म्हणावे असे चालवले. चरित्र, निबंध, शास्त्रीय माहिती, कविता असा त्याचा साचा होता, आणि त्यातील भाषा आजच्या वाचकाला उपदेशाकडे झुकलेली वाटेल. तरीही नेमलेला धडा नसलेला, परीक्षेला न येणारा आणि दर महिन्याला नवा असलेला मजकूर मुलाच्या हाती देण्याची कल्पना शाळेत मुरलेल्या माणसाला सुचली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक काढले तेव्हा स्वर बराच मोकळा झाला होता. नेमलेल्या पुस्तकापलीकडच्या या वाचनाला अवांतर वाचन म्हणू लागले, आणि त्याची व्यवस्था कोणत्याही कायद्यात नसून वर्गणी भरण्याची तयारी असलेल्या मास्तरांच्या खिशात होती.

राज्यकर्त्यानेच ही जबाबदारी उचलल्याचे ठळक उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, 1906 मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला, आणि शिकलेले मूल पुस्तकाअभावी पुन्हा निरक्षर होईल हे ओळखून 1910 मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची साखळी उभारली. गुजराती व मराठी पुस्तकांच्या कुलूपबंद पेट्या गावोगाव फिरत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले, तर मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये जो कायदा झाला तो केवळ नगरपालिकांना परवानगी देणारा होता. शाळा वाढल्या आणि फायनल, म्हणजे सातव्या इयत्तेची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा, उत्तीर्ण झालेली मुले शिक्षक म्हणून परत त्याच शाळांत गेली. त्यांनी स्वतः जेवढे वाचले होते तेवढेच ते पुढे देऊ शकत, आणि पुष्कळदा ते क्रमिक पुस्तकापलीकडे जात नसे.

क्रमिक पुस्तकाच्या आतूनच बदल घडवण्याचा प्रयत्न 1930 च्या दशकात प्रल्हाद केशव अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने केला. स्वतः शिक्षक असलेल्या अत्र्यांनी धड्यांत विनोद, संवाद आणि समकालीन लेखकांचा गद्यपद्य मजकूर आणला. स्वातंत्र्यानंतर 1962 मध्ये प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, 27 जानेवारी 1967 रोजी ‘बालभारती’ ही पाठ्यपुस्तक मंडळाची संस्था पुण्यात स्थापन झाली आणि तिने 1971 मध्ये ‘किशोर’ मासिक काढले, तेव्हा क्रमिक पुस्तक आणि अवांतर वाचन या ज्या दोन धारा छत्र्यांच्या काळानंतर वेगळ्या झाल्या होत्या त्या, निदान प्रकाशनाच्या पातळीवर, पुन्हा एका छताखाली आल्या. 1987 नंतरच्या खडू-फळा योजनेने शाळांना पुस्तकेही दिली. मात्र ती पुस्तके जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या यादीत, चढत, आणि त्यांच्या हिशेबाची जबाबदारी मुख्याध्यापकावर असे. त्यामुळे कपाटाला कुलूप घालणे हा शहाणपणाचा मार्ग ठरला, आणि पुस्तक हरवले तर स्वतः भरपाई करण्याची तयारी असलेल्या शिक्षकांच्या शाळांतच ती पुस्तके दोरीवर लटकवून, खिडकीत मांडून किंवा मधल्या सुट्टीत वाटून मुलांच्या हातात गेली.