एक साक्षीदार पुरत नाही

वेगमर्यादा ही मोटारीची थोरली बहीण आहे. तुम्ही म्हणाल, हे कसे काय बुवा? मोटारच नाही तर वेग कसला आणि मर्यादा कसली? पण इंग्लंडचे पार्लमेंट दूरदृष्टीचे. कार्ल बेन्झने पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले १८८६ साली, आणि रस्त्यावरून चालणाऱ्या यंत्रांच्या वेगाचा कडक कायदा त्या पार्लमेंटने केला १८६५ साली. गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन मैल. शिवाय यंत्राबरोबर किमान तीन माणसे हवीत आणि त्यांतल्या एकाने लाल निशाण घेऊन साठ यार्ड पुढे चालायचे. कायदा होता वाफेच्या अवजड इंजिनांसाठी, पण पुढे मोटार जन्माला आली तेव्हा तो तिची वाटच पाहत बसलेला होता.

ताशी दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर. या वेगाने आमची मावशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, वाटेत तीन ओळखीच्या बायकांशी सुनांविषयी बोलून, मंडईतून घरी पोचते. तिच्यावर अजून कोणी खटला भरलेला नाही.

खटला भरला गेला तो वॉल्टर अर्नोल्ड या गृहस्थावर. केंट परगण्यात पॅडक वूड नावाचे गाव आहे. जानेवारी १८९६ मध्ये हे अर्नोल्डसाहेब तिथून ताशी आठ मैलांच्या तुफान वेगाने गेले. गावचा शिपाई म्हणे जेवत होता. जेवणावरून उठून त्याने सायकलवर टांग टाकली आणि पाच मैल पाठलाग करून आरोपीला गाठले. माझी सहानुभूती शिपायाच्या बाजूने आहे. भरल्या ताटावरून उठवलेला माणूस समेट करण्याच्या मनःस्थितीत नसतो.

कोर्टात अर्नोल्डच्या वकिलाने मुद्दा काढला की, हे कायदे जुन्या धूडांसाठी केलेले आहेत, ही नवी गाडी त्यांत बसतच नाही. मुद्दा वाईट नव्हता, पण चालला नाही. वेगाबद्दल एक शिलिंग दंड झाला आणि खर्च वेगळा. निशाणाची सक्ती एव्हाना सैल झाली होती, पण पुढे चालणारा माणूस कायद्यात होताच. म्हणून तीन माणसे बरोबर नव्हती, गाडीवर नाव-पत्ता नव्हता, ही कलमेही लागली. आता गंमत अशी की, अर्नोल्डचा धंदाच मोटारींचा. 'आमची गाडी पोलिसाला पाच मैल पळवते' ही जाहिरात एका शिलिंगात कोणत्या वर्तमानपत्राने छापली असती? त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा कायदा आला, मर्यादा कागदावर चौदा आणि प्रत्यक्षात बारा मैलांवर गेली, आणि मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन मिरवणूक काढली. निघण्याआधी न्याहारीच्या टेबलावर एका लॉर्डसाहेबांनी लाल निशाण टराटरा फाडले.

पण मला या इतिहासात खरा रस वाटू लागतो तो १९०३ सालापासून. त्या वर्षीच्या कायद्याने मर्यादा ताशी वीस मैल केली, गाड्यांना नंबर दिले आणि एक वाक्य घातले. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल कोणालाही केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून दोषी ठरवता येणार नाही!

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला या वाक्याने भरून येते. आमच्याकडे एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पास करायची. एकाने नोटा मोजायच्या, दुसऱ्याने पुन्हा मोजायच्या. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोघांच्या खिशात. यात कोणी कोणाला चोर म्हणत नाही. माणसाचा डोळा एकटा असला की त्याला जे पाहायचे असते तेच तो पाहतो, एवढेच. आणि वेगाच्या बाबतीत तर विचारूच नका. रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या माणसाला येणारी प्रत्येक गाडी भरधावच वाटते. तोच माणूस गाडीत बसला की 'अहो, जरा दामटा की' म्हणतो.

आता एकट्याचे मत चालत नाही म्हटल्यावर पोलिसांना घड्याळ घ्यावे लागले. रस्त्याचा एक तुकडा मोजून ठेवायचा, दोन्ही टोकांना दोघे कुंपणाच्या झुडपांत दडून बसायचे आणि गाडीने तो तुकडा किती सेकंदांत कापला ते पाहायचे. मग कोर्टात नवे वाद. अंतर बरोबर मोजले कशावरून? घड्याळ पुढे नव्हते कशावरून? मोटारवाल्यांनी तर १९०५ मध्ये यासाठी संघटनाच काढली. तीच पुढे ऑटोमोबाइल असोसिएशन म्हणून नावाजली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरत आणि पुढच्या झुडपात कायदा बसला आहे, हे गाडीवाल्यांना खुणेने सांगत. त्यांच्यावरही खटले झाले. आधी एक सुटला, कारण इशारा मिळालेली गाडी जोरात होती हे सिद्धच झाले नाही. पुढच्या खटल्यात ते सिद्ध झाले आणि कोर्टाने सांगितले, हा पोलिसांच्या कामात अडथळा आहे. समोरून येणारा ट्रकवाला दिवे उघडमीट करतो, तेव्हा तो कुठल्या घराण्याचा वारस आहे हे यावरून ध्यानात यावे.

घड्याळाची कटकट संपवायला दुसऱ्या महायुद्धानंतर रडार आले. एखादी मेल न थांबता स्टेशनातून जाते तेव्हा तिची शिटी येताना तीव्र आणि जाताना जाडी ऐकू येते ना, तेच तत्त्व. लहर सोडायची, गाडीवर आपटून परतलेल्या लहरीत किती फरक पडला ते पाहायचे, वेग तयार. यंत्राला मत नसते, त्यामुळे आता वादच नको, असे सर्वांनी ठरवले.

ते ठरवणे १९७९ साली अमेरिकेत मायामीला आपटले. एका दूरचित्रवाणीच्या बातमीदाराने पोलिसी रडार एका ताडाच्या झाडावर रोखले. झाडाचा वेग निघाला ताशी शहाऐंशी मैल. एक घर त्यामानाने सभ्य निघाले, अठ्ठावीस मैल. खटले न्यायाधीश आल्फ्रेड नेस्बिट यांच्यापुढे आले. त्यांनी तज्ज्ञांचे ऐकून घेतले आणि ऐंशी प्रकरणांतला रडारचा पुरावा बाजूला ठेवला. दोष काही लहरींचा नव्हता. रडारचा झोत दूर जाईल तसा पसरतो, आणि त्यात दोन गाड्या सापडल्या तर आकडा नेमका कोणाचा हे यंत्र सांगत नाही. ते ठरवतो यंत्र धरणारा माणूस. म्हणजे फिरून पुन्हा एका साक्षीदाराचे मतच.

हे मायामीचे लोक 'यंत्र दाखवा' म्हणाले आणि जिंकले. याच्या उलट बाजूला आहेत ऑस्ट्रेलियाचे मार्कस आइनफेल्ड, फेडरल कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. २००६ च्या जानेवारीत सिडनीत पन्नासच्या रस्त्यावर त्यांची गाडी साठने गेली. दंड सत्त्याहत्तर डॉलर. न्यायमूर्तींनी कोर्टात शपथेवर सांगितले, त्या दिवशी गाडी मी एका परदेशी राहणाऱ्या प्राध्यापक मैत्रिणीला दिली होती. दंड रद्द झाला. मग एका वर्तमानपत्राने चौकशी केली तेव्हा कळले की त्या बाई २००३ मध्येच वारल्या होत्या. यावर न्यायमूर्ती म्हणाले, त्या नव्हेत, त्याच नावाच्या दुसऱ्या! अखेर गुन्हा कबूल करावा लागला आणि २००९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. सत्त्याहत्तर डॉलर, त्यांच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब न मांडताही सांगतो, किरकोळ खर्चात बसले असते. आमच्याकडे पाच रुपयांचा फरक सापडेना म्हणून खोटी नोंद करणारा कारकून याच वाटेने जातो. आधी पाच रुपयांची एक नोंद, मग ती झाकायला दुसरी, मग दुसरीसाठी तिसरी. आणि हा मनुष्य जन्मभर दुसऱ्यांच्या शपथा तपासत बसलेला. मला यात हसू कमी येते.

आता तुम्ही विचाराल, १९०३ च्या त्या वाक्याचे पुढे काय झाले? ते आपल्याकडे सुखरूप नांदते आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८३ आहे, त्याचे तिसरे पोटकलम काढून पाहा. एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर शिक्षा नाही, ते मत एखाद्या यंत्राने काढलेल्या अंदाजावर आधारलेले दाखवले पाहिजे. केंटच्या रस्त्यांसाठी लिहिलेले वाक्य खोपोलीच्या घाटालाही लागू आहे.

हे मी आमच्या मेहुण्यांना वाचून दाखवले, कारण त्यांच्या मोबाइलवर ई-चलन आले होते. फोटोत गाडी त्यांची, नंबर त्यांचा, वेळ त्यांची. लोकअदालतीची नोटीसही पाठोपाठ येऊन पडली. सौ. म्हणाली, "दादा, भरून टाक ना एकदाचे. एवढ्या पैशात तू रविवारी मासे आणतोस."

"प्रश्न पैशाचा नाही," मेहुणे म्हणाले. वॉल्टर अर्नोल्डपासून प्रत्येक आरोपी हेच म्हणत आला असणार. "त्या यंत्राची तपासणी कोणी केली, ते सांगा."

आता या प्रश्नाला आपल्याकडे सरकारी उत्तर मिळाले आहे. वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांची पडताळणी करून त्यांवर शिक्का मारून घ्यावा, असा नियम केंद्र सरकारने २०२५ मध्ये केला, आणि तोही वजनमापांच्या कायद्याखाली. वाण्याच्या तराजूवर आणि पेट्रोलपंपावर ज्या खात्याचा शिक्का असतो, तेच खाते. मेहुणे खूश झाले. चलनाचा फोटो मोठा करकरून ते शिक्का शोधू लागले. शिक्का असतो यंत्रावर आणि फोटो काढते यंत्रच, तेव्हा तो फोटोत येणार कसा, हे सौ.ने त्यांना दोनदा सांगितले. मग तिने भिंग काढून घेतले आणि पानं वाढली.